रेडिओवर बोलताना: विद्यार्थी वैमानिकांसाठी मार्गदर्शन

विमान चालवायला शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या उड्डाणांत विमानापेक्षा रेडिओचीच धास्ती अधिक असते. आपले इंग्रजी तोकडे पडेल, मनोऱ्यातील नियंत्रक भरभर काहीतरी सांगून जाईल आणि फ्रिक्वेन्सीवरचे सगळे जण ऐकत असताना आपण अडखळू, असे त्यांना वाटत राहते. मराठी माध्यमातून शिकून आलेल्यांत ही धास्ती विशेष जाणवते. वस्तुतः रेडिओवरचे इंग्रजी मोजक्या आणि ठरीव शब्दांचे असते आणि थोड्या आठवड्यांच्या सरावात ते कोणालाही अंगवळणी पाडता येते. खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायचे, त्यातून एकच अर्थ निघतो आहे ना हे तपासायचे आणि तोच अर्थ नियंत्रकाच्याही मनात आहे याची खात्री होईपर्यंत त्या सूचनेवर कृती करायची नाही, ही शिस्त अंगी बाणवायला वेळ लागतो. पुढील सर्व सूचना या शिस्तीसाठीच आहेत.

यंत्राचा स्वभाव

नागरी विमानांचे रोजचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ पट्ट्यात चालते. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या रांगेआड कमी उंचीवर असताना आवाज तुटू लागतो आणि उंची वाढताच तो पुन्हा स्वच्छ होतो. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले, तर ऐकणाऱ्याच्या कानात कर्कश शिट्टी वाजते आणि दोन्ही निरोप वाया जातात. विमानांच्या रेडिओत एफएमऐवजी एएम हीच जुनी पद्धत टिकून राहिली, तिचा एक लाभ इथे दिसतो. एफएमवर प्रबळ लहर दुर्बळ लहरीला निमूटपणे दाबून टाकते, एएमवर मात्र टक्कर झाल्याचे ऐकणाऱ्याला निदान कळते. ज्या दोघांनी बटण दाबलेले असते, त्यांना स्वतःला मात्र काहीच कळत नाही.

यावरून पहिला नियम निघतो. नव्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यावर आधी काही सेकंद ऐकावे. नियंत्रकाने कोणाला प्रश्न विचारला असेल, तर त्याचे उत्तर येऊन जाऊ द्यावे. मग बटण दाबावे, क्षणभर थांबून बोलायला सुरुवात करावी, म्हणजे पहिला शब्द कापला जात नाही, आणि बोलणे संपल्यावर बटण पूर्ण सोडले असल्याची खात्री करावी. अडकलेले एक बटण संपूर्ण फ्रिक्वेन्सी बंद पाडू शकते. माइक ओठांच्या अगदी जवळ असावा आणि आवाज एका पट्टीत ठेवावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. समोरचा लिहून घेणार असेल, तर त्याहूनही सावकाश बोलावे. वेगाने बोलणारा वैमानिक अनुभवी वाटतो, हा प्रशिक्षण केंद्रांतील एक हट्टी गैरसमज आहे आणि तो जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

बटण दाबण्यापूर्वी

पहिल्या संपर्कात चार गोष्टी याच क्रमाने याव्यात: कोणाला बोलावतो आहोत, आपण कोण, कुठे आहोत आणि काय हवे आहे. वाक्य तोंडात तयार होईपर्यंत बोट बटणावर नेऊ नये. एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूरच्या धावपट्टीपाशी थांबलेला विद्यार्थी म्हणेल, ‘नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, होल्डिंग पॉइंट, रनवे थ्री टू, रेडी फॉर डिपार्चर.’ यात ‘गुड मॉर्निंग सर’ नाही आणि ‘वी वुड लाइक टू’ही नाही. सौजन्याला रेडिओवर मज्जाव नाही, परंतु गर्दीच्या वेळी प्रत्येक जादा शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. मुंबईसारख्या विमानतळावर, जिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकीवरच भार पडतो, ही काटकसर किती आवश्यक आहे ते काही मिनिटांतच लक्षात येते.

कॉलसाइनचा, म्हणजे रेडिओवरील विमानाच्या नावाचा, संक्षेप स्वतःहून करू नये. भारतातील नोंदणीचिन्हे ‘व्हीटी’ने सुरू होतात आणि पहिल्या संपर्कात ते पूर्ण सांगायचे असते. नियंत्रकाने ते संक्षिप्त रूपात वापरल्यावरच आपणही तसे करावे. एकाच सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात, एकाच प्रशिक्षण संस्थेची तीन विमाने फिरत असतात आणि त्यांची शेवटची अक्षरे बऱ्याचदा सारखी असतात. अशा वेळी अर्धवट कॉलसाइनमुळे एकाची परवानगी दुसरा घेऊन जातो. व्यावसायिक उड्डाणांतही हाच धोका असतो. इंडिगोच्या सर्व विमानांचे बोलावण्याचे नाव ‘आयफ्लाय’ असल्याने वेगळेपण फक्त पुढच्या आकड्यांत उरते, आणि दोन उड्डाणांचे आकडे मिळतेजुळते असले तर ते शेवटपर्यंत नीट ऐकावेच लागतात.

संख्यांची शिस्त ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ या अक्षरमालेइतकीच कडक पाळावी. वाऱ्याची दिशा, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) कोड आणि उंचीमापकावर लावायची हवेच्या दाबाची मांडणी एकेक अंक सुटा उच्चारून सांगतात. उंची मात्र शेकड्यांत आणि हजारांत सांगायची असते, म्हणजे ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’. थ्रीचा उच्चार ‘ट्री’, फाइव्हचा ‘फाइफ’ आणि नाइनचा ‘नाइनर’ असा ठरवलेला आहे, कारण खरखरीत आवाजात फाइव्ह आणि नाइन एकमेकांसारखे ऐकू येतात. हे उच्चार विचित्र वाटले तरी संकोच न करता वापरावेत.

उजळणी, म्हणजेच रीडबॅक

नियंत्रकाने दिलेली परवानगी वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर येण्याची, ती ओलांडण्याची, तिच्याअलीकडे थांबण्याची, तिच्यावरून उडण्याची किंवा तिच्यावर उतरण्याची प्रत्येक सूचना, वापरातील धावपट्टी, दाबाची मांडणी, ट्रान्सपॉन्डरचा कोड, उंची, हेडिंग आणि वेग यांचा रीडबॅक अनिवार्य आहे. पुष्कळ विद्यार्थी तो धडा म्हणून दाखवावा तसा म्हणतात, आणि इथेच मला थोडे थांबावेसे वाटते, कारण रेडिओ-संभाषणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. रीडबॅक करताना वैमानिक आपण काय ऐकले ते नियंत्रकासमोर ठेवतो, जेणेकरून चूक असेल तर ती तिथेच पकडता यावी. म्हणून तो पूर्ण असावा लागतो, नियंत्रकाने तो ऐकावा लागतो, आणि चूक असल्यास सुधारून पुन्हा म्हणून घ्यावा लागतो. यातील एक जरी कडी निसटली, तरी काय होते ते विमान वाहतुकीच्या इतिहासात नोंदलेले आहे.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे ७४७ मालवाहू विमान क्वालालंपूरला उतरण्याच्या तयारीत होते. नियंत्रकाने २४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले, पण त्याचे शब्द होते ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. यातला ‘टू’ हा दोनचा आकडा होता. चालक दलाने तो ‘पर्यंत’ या अर्थाने घेतला आणि ‘फोर झीरो झीरो’ असे उत्तर दिले. नियंत्रकाने ते सुधारले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. ठरलेल्या पद्धतीने ‘डिसेंड टू अल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे म्हटले गेले असते, तर दुसऱ्या अर्थाला जागाच उरली नसती. वैमानिकाच्या दृष्टीने याचा धडा असा की, ऐकलेली उंची नकाशावरील किमान सुरक्षित उंचीच्या खाली जात असेल, तर रीडबॅक करून गप्प न बसता सरळ ‘कन्फर्म’ म्हणून विचारावे.

रीडबॅक बरोबर असूनही समज चुकू शकते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानच्या तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ असे सांगून सी-५ या होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीअलीकडच्या थांब्यापर्यंत, जाण्याची सूचना मिळाली होती. चालक दलाने ती अचूक उच्चारून दाखवली. तरीही विमान धावपट्टीवर जाऊन थांबले आणि उतरत असलेले जपान एअरलाइन्सचे ए-३५० त्याच्यावर आदळले. मोठ्या विमानातील ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, लहान विमानातील सहापैकी पाच जण मात्र वाचले नाहीत. आपला क्रमांक पहिला आहे ही माहिती आणि धावपट्टीवर येण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. अपघातानंतर जपानमध्ये उड्डाणाचा क्रम सांगणारे ‘नंबर वन’सारखे शब्द काही काळ वापरातून काढले गेले. यावर उपाय कॉकपिटमध्येच आहे. रीडबॅक झाल्यावर दोन्ही वैमानिकांनी एकमेकांना सांगावे की आपण कुठपर्यंत जाणार आणि कुठे थांबणार. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याने तेच स्वतःशी मोठ्याने म्हणावे, आणि धावपट्टीची रेषा ओलांडण्यापूर्वी ‘लाइन अप’, ‘क्रॉस’ किंवा ‘क्लिअर्ड’ यांपैकी नेमका कोणता शब्द आपल्याला मिळाला होता ते आठवावे. एकही आठवत नसेल, तर थांबून विचारावे.

आपल्या देशातील सर्वांत मोठा विमान अपघात याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ समोरासमोर धडकून ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांच्या पातळीची आणि खाली उतरत असलेल्या कझाक विमानाला १५,००० फुटांच्या पातळीची परवानगी होती. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होते. पंधरा हजारांवर पोहोचल्याचे त्याने रेडिओवर कळवले, परंतु विमान त्याखाली उतरत राहिले. बोलणारा एक आणि विमान हाकणारा दुसरा असला, की रेडिओवरील शब्द आणि यंत्रातील उंची यांचा सांधा सुटू शकतो. म्हणून आज दोन वैमानिकांच्या विमानात नवी उंची मिळताच एक जण ती यंत्रात लावतो, दुसरा आकड्याकडे बोट दाखवून ती मोठ्याने वाचतो आणि दोघांचे एकमत झाल्यावरच विमान ती पातळी धरू लागते. इंग्रजीच्या किमान पातळीची सक्ती आयकाओने पुढे जगभर लागू केली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पातळी लागते.

कोणता शब्द कशासाठी

‘रॉजर’ म्हणजे तुमचे सगळे बोलणे मिळाले, इतकेच. त्यात होकार नाही आणि आज्ञापालनाचे वचनही नाही, त्यामुळे हो किंवा नाही असे उत्तर अपेक्षित असताना तो वापरू नये. होकारासाठी ‘अफर्म’ आणि नकारासाठी ‘निगेटिव्ह’ हे शब्द आहेत. सूचना समजली आणि तिचे पालन करतो, हे ‘विल्को’ने सांगावे, मात्र जिथे रीडबॅक अनिवार्य आहे तिथे विल्को पुरेसा नाही. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. ती मंजुरीही नाही आणि नामंजुरीही नाही. ‘ओके’ हा शब्द जिभेवरून काढूनच टाकावा.

‘टेक-ऑफ’ या शब्दाबद्दल मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळ धुक्याने वेढलेला होता. केएलएम कंपनीचे ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभे होते आणि पॅन अॅम कंपनीचे ७४७ त्याच धावपट्टीवर पुढे चालत होते. केएलएमला फक्त उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, पण तिच्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने रीडबॅकच्या शेवटी ‘वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ’ असे म्हटले. या वाक्याचा अर्थ जागेवर उभे आहोत असाही होतो आणि निघालो आहोत असाही. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले आणि पुढे उड्डाणासाठी थांबण्यास सांगितले. नेमके त्याच क्षणी आपण अजून धावपट्टीवर असल्याचे पॅन अॅमने कळवले. दोन निरोपांची टक्कर झाली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टी वाजली. त्यानंतरचे पॅन अॅमचे उत्तर ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने, ते विमान अजून बाजूला झालेले नाही का, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. ५८३ जणांचा जीव गेला.

तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, तिचा रीडबॅक करताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारला जातो. इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. वरील उदाहरणातील विद्यार्थी ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणतो, ते यामुळेच. अट असलेली परवानगी तर आणखी जपून घ्यावी. ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप, बिहाइंड’ अशी सूचना मिळाली, तर तो एअरबस डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि रीडबॅकमध्ये अटही आली पाहिजे. विमान ओळखता आले नाही, तर परवानगी स्वीकारू नये.

विचारण्याचा संकोच

आपल्याकडे वडीलधाऱ्याने काही सांगितले आणि ते समजले नाही, तरी मान डोलावण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. पुन्हा विचारणे उद्धटपणाचे वाटते. पुण्याच्या लोहगावला हवाई दलाचे आणि गोव्याच्या दाबोळीला नौदलाचे नियंत्रक असतात, तिथे पहिल्यांदा जाणारा विद्यार्थी लष्करी आवाजाच्या दराऱ्याने आणखी दबतो. ही सवय रेडिओवर आणता येणार नाही. ‘से अगेन’ हा हक्काचा शब्द आहे. सगळेच ऐकू आले नसेल तर ‘से अगेन’, आणि एखादाच भाग निसटला असेल तर ‘से अगेन हेडिंग’ असे विचारावे. नियंत्रकाला दहा वेळा विचारलेले चालते, अंदाजाने केलेले एक वळण मात्र त्याला चालत नाही. तसेच, सांगितलेली गोष्ट आपल्या विमानाला किंवा आपल्या कौशल्याला झेपणारी नसेल, समोर ढग असेल किंवा वेग कमी होणे शक्य नसेल, तर ‘अनएबल’ म्हणून कारण थोडक्यात द्यावे. नियंत्रक दुसरा मार्ग काढतो, ते त्याचे रोजचे काम आहे. एकट्याच्या पहिल्या उड्डाणांत ‘स्टुडंट पायलट’ असे सांगून ठेवले, तर बहुतेक नियंत्रक आपण होऊन सावकाश बोलतात.

संकटात आडवळणाने बोलू नये

२५ जानेवारी १९९० रोजी आव्हियान्का कंपनीचे ७०७ न्यूयॉर्कच्या आकाशात दीर्घ काळ घिरट्या घातल्यानंतर उतरण्याचा एक प्रयत्न फसून पुन्हा वर गेले. आणीबाणी असल्याचे सांग, असे कप्तानाने सहवैमानिकाला म्हटले. सहवैमानिकाने मिळालेल्या हेडिंगचा रीडबॅक केला आणि शेवटी इंधन संपत आल्याचे जोडले. ‘इमर्जन्सी’ हा शब्द नियंत्रकापर्यंत गेलाच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळून ७३ जण मरण पावले. इंधन कमी आहे हे वाक्य नियंत्रक दिवसभर ऐकत असतो, त्याची यंत्रणा हलते ती ठरलेल्या शब्दांनी. ठरलेल्या विमानतळावर उतरण्यावाचून पर्याय उरला नसेल आणि यापुढील विलंब राखीव इंधनाला हात घालेल अशी स्थिती असेल, तर ‘मिनिमम फ्युएल’ म्हणावे. राखीव इंधन शाबूत ठेवून उतरता येणारच नाही असा हिशेब निघाला, तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ असे म्हणावे.

जिवावरच्या इतर संकटांतही ‘मेडे’ तीनदा उच्चारावा. निकड आहे पण तात्काळ जिवाला धोका नाही, अशा प्रसंगी ‘पॅन पॅन’ तीनदा म्हणावे. पुढे कॉलसाइन, संकटाचे स्वरूप, आपण काय करणार आहोत, आपली जागा, उंची आणि हेडिंग सांगावे. चालू असलेली फ्रिक्वेन्सी सोडून जाण्याची गरज नसते, तिच्यावर उत्तर मिळाले नाही तर १२१.५ मेगाहर्ट्झ आहे. ट्रान्सपॉन्डरवर ७७०० लावावे. या सगळ्याच्या आधी विमान हातात ठेवणे आणि मग दिशा धरणे हाच क्रम आहे, बोलणे तिसरे.

रेडिओच मुका झाला, तर घाबरण्याआधी आवाजाचे बटण, फ्रिक्वेन्सी आणि हेडसेटची पिन तपासावी, आधीच्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारून पाहावी आणि ७६०० लावावे. आपला आवाज जात असण्याची शक्यता असते, म्हणून ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ म्हणून आपला बेत दोनदा सांगावा. सर्किटमध्ये मनोऱ्याकडे पाहत राहावे. स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्याची परवानगी. स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्यावी.

सराव

रेडिओ-दूरध्वनीच्या परवान्याची परीक्षा दूरसंचार विभागाकडे होती. २०२४ च्या भारतीय वायुयान कायद्याने ती जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली आहे. परीक्षा कोणीही घेतली तरी कानांची तयारी घरीच करावी लागते. दोन विद्यार्थ्यांनी पाठीला पाठ लावून बसावे, म्हणजे ओठ आणि हावभाव दिसत नाहीत. एकाने नियंत्रक होऊन मार्ग, उंची, कोड आणि फ्रिक्वेन्सी असलेली परवानगी एका दमात वाचावी, दुसऱ्याने ती स्वतःच्या खुणांनी लिहून घेऊन रीडबॅक करावा. नियंत्रक झालेल्याने अधूनमधून मुद्दाम चुकीची धावपट्टी किंवा वापरात नसलेला शब्द घालावा, आणि वैमानिकानेही कधी मुद्दाम चुकीचा रीडबॅक द्यावा, म्हणजे दोघांचेही ऐकणे तपासले जाते. मग भूमिका बदलाव्यात. हे जमू लागले की तोच खेळ चालताना किंवा जिना चढताना करावा, कारण कॉकपिटमध्ये हात आणि डोळे कधीच मोकळे नसतात. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणातील प्रत्येक अपेक्षित संवाद, पार्किंगपासून पार्किंगपर्यंत, आदल्या रात्री क्रमाने म्हणून पाहावा आणि प्रत्येक ठिकाणी नियंत्रकाने अपेक्षेपेक्षा वेगळे उत्तर दिले तर आपण काय करू, तेही ठरवून ठेवावे.